धरणातलं गलबत

मला परीक्षक करून आबासाहेबांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, असं माझं आजही मत आहे.

नगरला सावेडीत माझं पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान कसलं, घराची पुढची खोली. बायका साडी टाकायला येतात आणि जाता जाता विचारतात, "जयमालाताई, परवाचा पिक्चर कसा होता हो?" मी सांगते. एकदा मी अशीच मशीनवर बसून एका पिक्चरची सालं काढत होते, तर कुणीतरी ते गुपचूप रेकॉर्ड केलं आणि व्हॉट्सअॅपवर सोडून दिलं. झालं! तेव्हापासून पिक्चर लागला की लोक आधी माझ्या व्हॉइस नोटची वाट बघतात. भिकार असेल तर मी भिकारच म्हणते. माझ्या तोंडाला काही गाळणी नाही.

आबासाहेब म्हणजे आमच्या भागातले हौशी गृहस्थ. गणपती असो, रक्तदान असो, बिल्ला लावून पुढे. त्यांनी यंदा जिल्ह्यातल्या पोरांनी केलेल्या छोट्या सिनेमांची स्पर्धा काढली. जागा म्हणजे एक मंगल कार्यालय. परीक्षक तीन. एक कॉलेजातले सर, एक फोटो स्टुडिओवाले आणि तिसरी मी. निकाल मी वाचायचा असं ठरलं, कारण माईक बंद पडला तरी माझं काही अडत नाही.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी दुपारी दुकानाशी एक टेम्पो थांबला. त्यातून एक उंच, रापलेला माणूस उतरला आणि उसाची मोळी माझ्या उंबऱ्यात ठेवून उभा राहिला.

"पिक्चरवाल्या जयमालाताई तुमीच ना? मी कारभारी. राहुरीकडचा. उसाच्या रोपांची नर्सरी हाय माजी. आमचा प्रशांत तुमच्या स्पर्धेत हाय."

मी मशीन थांबवली. म्हटलं, आला बाबा वशिला! "कारभारीभाऊ, तो ऊस उचला आधी. माझ्याकडे असला धंदा चालत नाही. तुमच्या मुलाला पास करा म्हणून सांगायला आला असाल, तर आल्या पावली जा."

"पास?" माणूस दचकलाच. "पास नका करू, ताई! हात जोडतो. पाडा त्याला. असा पाडा, की पुन्यांदा कॅमेऱ्याचं नाव काढाया नको."

आता मात्र मी खुर्ची पुढे सरकवली. लेकाला पाडा म्हणून ऊस घेऊन येणारा बाप मी जन्मात पाहिला नव्हता.

बसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. पोरगं तीन वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून फिरतंय. नर्सरीत लक्ष नाही. शेवटी बापलेकांचं पारावर, सगळ्या गावासमोर ठरलं, की स्पर्धेत पहिला नंबर आला तर प्रशांतनं खुशाल सिनेमे काढावेत, बाप चकार शब्द काढणार नाही. नाही आला, तर कॅमेरा बापाच्या हातात द्यायचा आणि गुमान कामाला लागायचं.

"आन पिक्चर तरी कशावर काढावा? समुद्रावर! राहुरीत समुद्र! सत्यनारायणाच्या कथेत त्यो वानी न्हाई का गलबत घिऊन जातो, त्येच्यावर. मुळा धरणात नाव घातली आन म्हनला, ह्यो समुद्र."

"मग वाणी कोण झालाय?"

कारभारींनी मानेवरचा घाम पुसला. "मीच," म्हणाले. "नगरचा एक नट ठरल्याला हुता, वैजनाथ नावाचा. त्येनं नाव बघितली आन पळाला. मग आमच्या मंडळी म्हनल्या, तुमी उभं ऱ्हा, न्हाईतर उद्यापास्नं भाकरी तुमची तुमी थापा. काय करता?" आणि एकदम त्यांचा आवाज चढला. "पर त्या पोरानं काय करावं? नावेत पाला लागतो ना कथेत? तर माजी तयार रोपं, ट्रेमधली, ऑर्डरीची, उपटून भरली नावेत! मला न सांगता! मी फडकं उचललं आन बघतो तर माजीच रोपं! त्यावर ह्यो कॅमेरा धरून हुबा, आन म्हनतो, लई भारी झालं, दादा."

मला इतकं हसू आलं, की मशीनवर डोकं आपटता आपटता राहिलं. पण तोंडानं मी म्हणाले, "हे बघा, मी खरं तेच सांगणार. चांगला असेल तर चांगला, वाईट असेल तर वाईट. तुमचा ऊस खाऊन माझी जीभ फिरणार नाही."

"वाईटच असनार की," कारभारी उठत म्हणाले. "म्हनूनच तर आलो." ऊस मात्र तिथंच ठेवून गेले.

ही वाण्याची कथा तुम्हाला ठाऊक असेलच. मला तर तोंडपाठ आहे, आणि तेही आमच्या घरात ती पूजा कधीच झाली नसताना. माझे आजोबा छप्पन्न साली बौद्ध झाले, तेव्हापासून आमच्याकडे पूजा नाही की कथा नाही. पण लहानपणी केडगावात आमचं घर होतं, आणि शेजारच्यांचा लाऊडस्पीकर नेमका आमच्या खिडकीकडे तोंड करून बांधलेला. दरवर्षी श्रावणात ऐकायचं. वाणी माल भरून निघतो. काठावरचा साधू विचारतो, नावेत काय आहे? वाणी खोटं सांगतो, पालापाचोळा. साधू म्हणतो तथास्तु, की मालाचा खरंच पाला! मग रडारड, क्षमा, माल परत. गलबत गावाच्या काठाला लागतं, तर त्याची मुलगी नवऱ्याला बघायच्या घाईत प्रसाद न घेताच उठून पळते, आणि नवऱ्यासकट गलबत बुडतं. दरवर्षी मी खिडकीतून ओरडायचे, "अगं बाई, खा की तो शिरा आधी! किती वेळ लागतो?" पण ती कधी ऐकली नाही. दरवर्षी पळायची.

स्पर्धेच्या दिवशी कार्यालय निम्मं भरलेलं, तेही स्पर्धकांच्या पाहुण्यांनी. सिनेमे एकामागून एक सुरू झाले आणि लोकही एकामागून एक उठायला लागले. कुणी फोनवर, कुणी चहाला. मी वैतागले होते. तेवढ्यात दारात गलका झाला आणि कारभारींच्या टेम्पोतून आख्खा गाव आत आला. नव्वारीतल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बायका, टोपीवाले. पुढे गीताबाई, म्हणजे कारभारींच्या मंडळी. बोलावणं त्यांनीच दिलेलं. कारभारी मागून आले, चेहरा असा की जसं कुणी धरून आणलंय.

प्रशांत माझ्या टेबलाशी आला. हडकुळं पोरगं, दाढी धड उगवलेली नाही, आणि हाताला घाम. "मावशी, तुमच्या सगळ्या व्हॉइस नोट ऐकल्यात मी," म्हणाला. "माझ्याही सिनेमाबद्दल तसंच बोला. गोड नका बोलू. मला कळलं पाहिजे." पोरगं मला आवडलं. परीक्षकाला स्पर्धक आवडणं याच्यासारखी भानगड नाही.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला.

आता खरं सांगते. समुद्र म्हणून दाखवलेल्या पाण्यात मधोमध एक वाळकी बाभळ उभी होती. गलबताचं शीड खताच्या गोण्या शिवून केलेलं, आणि त्यावर १०:२६:२६ हा आकडा उलटा, पण ठसठशीत दिसत होता. वादळासाठी डाळिंबावर औषध मारायचा ब्लोअर लावला असणार, कारण वारा फक्त कारभारींच्याच अंगावर येत होता, मागच्या खलाशाची टोपीसुद्धा हलत नव्हती. आणि भर समुद्रात, लांब क्षितिजावरून, एक माणूस मोटारसायकलवर दूध घेऊन चालला होता. स्टुडिओवाले तोंडावर रुमाल धरून हलत होते. मी चिठ्ठीवर लिहिलं, "समुद्राला साइड रोड आहे."

कारभारींनी ही वेळ बरोबर साधली. मागच्या बाजूला अंधारात उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला रे! टेम्पो निघाला! ज्येला यायचं त्येनं या, मागनं यष्टी न्हाई!"

मी कपाळाला हात लावला. बापानं डाव टाकलाच होता. गाव उठून गेलं असतं, खुर्च्या रिकाम्या पडल्या असत्या, तर कुठल्या परीक्षकाचा पहिल्या नंबरासाठी हात धजला असता? प्रशांत भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली.

पण एक माणूस हलला तर शपथ.

मी वळून बघितलं आणि मला उलगडा झाला. सिनेमाला मागून गुरुजींचा आवाज होता, पूजेत सांगतात तशीच कथा सांगणारा. तो सुरू झाल्याबरोबर म्हाताऱ्यांनी डोक्यावर पदर घेतले होते, दोघांनी चपला काढून खुर्चीखाली सारल्या होत्या, आणि मघापासून फोनवर बोलणाऱ्या सावेडीच्या बायकासुद्धा हात जोडून बसल्या होत्या. सिनेमा कुठला, त्यांच्या लेखी कथा चालली होती.

"ए कारभाऱ्या!" पुढच्या रांगेतून रंगुबाई कडाडल्या. कारभारींची आत्या, गावातली सगळ्यात म्हातारी. "अक्कल हाय का? कथा चालू हाय. परसाद घेतल्याबिगर कुनी उठत असतं व्हय? काय हुतं त्ये ठावं हाय न्हवं? बस खाली!"

"आत्ती, पिक्चर हाय त्यो!"

"बस म्हनलं न्हवं!"

कारभारी बसले. जागा नव्हती, म्हणून आमच्या टेबलापाशी जमिनीवरच बसले. दार उघडलं असतं तरी एकट्यालाच जावं लागलं असतं, आणि कथेतून उठलेला एकटा माणूस म्हणून गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच स्वतःचा सिनेमा बघायला लागले.

पडद्यावर साधूनं तथास्तु म्हटलं होतं. वाणी नावेत वाकला आणि त्यानं फडकं उचललं.

अहो, काय सांगू! मला माहीत होतं की ती रोपं कुणाची, आणि तो चेहरा तसा का झाला. तरी माझं टाळकं सुन्न झालं. त्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्या माणसानं एक रोप उचललं, मुळाची माती बोटानं चाचपली, आणि परत हळूच ठेवलं, झोपलेल्या लेकराला ठेवावं तसं. रडला नाही. नुसता नावेच्या कडेला बसून राहिला आणि पाण्याकडे बघत राहिला. आणि त्या पोरानं, शाबास त्याची, कॅमेरा हलवला नाही. दुसऱ्या कुणी तिथं ढोल वाजवले असते. ह्यानं नुसतं बघू दिलं.

हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. मला वाटलं रंगुबाई असतील. बघते तर आमचे कॉलेजातले सर!

खाली बसलेले कारभारी पुटपुटले, "मी हाय व्हय ह्यो?"

"गप्प बसा," मी म्हणाले. "बघू द्या."

मग मुलगी पळाली, गलबत बुडालं, लोकांनी उसासे टाकले, सगळं पुन्हा नीट झालं आणि दिवे लागले. पण लोक उठेनात. टाळ्या नाहीत, काही नाही. सगळे आपले बसून. आबासाहेब माईकवर म्हणाले, "यानंतर पुढील लघुपट." तर रंगुबाई म्हणाल्या, "परसाद?"

"आजी, हा सिनेमा होता," आबासाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले.

"कथा झाली न्हवं? मग परसाद आना."

आबासाहेबांना घाम फुटला. मी उठले आणि सरळ मागच्या स्वयंपाकघरात गेले. आचाऱ्याला म्हटलं, रवा, तूप, साखर काय असेल ते काढ आणि चढव कढई. शिरा झाला. द्रोण घेऊन वाटायला मीच उभी राहिले, कारण दुसरं कुणी हलत नव्हतं. ज्या घरात कधी पूजा झाली नाही त्या घरातली बाई दारात उभी राहून सत्यनारायणाचा प्रसाद वाटत होती, आणि म्हाताऱ्या दोन्ही हात पुढे करून घेत होत्या. आमचे आजोबा वरून काय म्हणाले असतील कुणास ठाऊक. शिरा मात्र झकास झाला होता, मीही खाल्ला.

सगळे सिनेमे संपले तेव्हा आम्ही तिघं आतल्या खोलीत बसलो. सर म्हणाले, पहिला प्रशांतलाच द्या, लोक बघितलेत का कसे बसले होते? मी म्हटलं, "सर, लोक शिऱ्यासाठी बसले होते." माझा जीव तुटत होता, पण ती बाभळ, ते १०:२६:२६, तो दूधवाला, हे काही डोळ्यासमोरून जात नव्हतं. केडगावच्या दोन मुलींनी आपल्या घरातल्या मांजरीवर सिनेमा केला होता, छोटासा, पण एक चूक काढून दाखवा! पहिला नंबर त्यांचा होता, आणि ते मला पोटातून कळत होतं. पोरानं सांगितलं होतं, गोड बोलू नका. मी सही केली.

माईकवर मी निकाल वाचला. पहिला, मांजर. दुसरा, प्रशांत. उत्कृष्ट अभिनय, कारभारी.

टाळ्या पडल्या. प्रशांतच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं गळ्यातला कॅमेरा काढला, पट्टा नीट गुंडाळला आणि सगळ्या गावासमोर बापापुढे धरला. गीताबाईंनी तोंडाला पदर लावला. मला माझीच चीड आली. म्हटलं, जयमाले, एकदा तरी तोंड आवरलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण कारभारींचं कॅमेऱ्याकडे लक्षच नव्हतं. ते तरातरा माझ्याकडे आले.

"ताई, ह्यो काय निकाल झाला?"

"का? तुम्हीच म्हणाला होता ना पाडा म्हणून?"

"मी तवा पिक्चर बघितला न्हवता!" कारभारी ओरडले. "मांजरीपुढं? मी मांजरीपुढं हारलो? मांजरीनं काय केलं? दूध पिली! मी त्या नावेत काय केलं ते बघितलं न्हाई तुमी? फेर निकाल द्या!"

"फेर निकाल नाही," मी म्हणाले. "तुमचं काम चांगलंच होतं. समुद्र वाईट होता."

हॉल हसला. कारभारी हसले नाहीत. ते वळले आणि लेकासमोर जाऊन उभे राहिले. रंगुबाई मागून म्हणाल्या, "कारभाऱ्या, पारावरचा शबुद हाय. ध्येनात ठिव."

"ध्येनात हाय, आत्ती," कारभारी म्हणाले. "शब्द म्हंजे शब्द." त्यांनी प्रशांतच्या हातातून कॅमेरा घेतला, आपल्या गळ्यात अडकवला आणि पट्टा ओढून बघितला. "आजपास्नं कॅमेरा माजा. आन तू माज्याकडं कामाला."

"व्हय, दादा," प्रशांत जमिनीकडे बघत म्हणाला. "उद्या सकाळी येतो नर्सरीत."

"नर्सरीत काय करतो? तिथं काय काम तुजं?" कारभारी खेकसले. "धरनावर ये. गलबत बुडताना मी पाठमोरा दिसतो, त्यो भाग पुन्यांदा घ्यायचा हाय."